डोळ्याला चालेल असा रंग

“चार दिवसांत देतो,” हनीफभाई म्हणाले, “पण मग कसा झाला ते विचारायचं नाही.”

“नाही विचारत,” आई म्हणाली.

“वैनी, आधी ऐकून तरी घ्या.”

सांगलीत माधवनगर रस्त्याला लाकडाच्या वखारीला लागून त्यांची शेड होती. वर पत्रा, तीन बाजूंना गोणपाटं आणि चौथी बाजू उघडी. आत आमची चंदेरी मारुती उभी होती आणि हनीफभाई तिच्याभोवती उकिडवे बसत, उठत, पुन्हा बसत फिरत होते. मी चार महिन्यांच्या ओवीला खांद्यावर घेऊन उभी होते. वखारीतला करवतीचा आवाज आला की ती दचकायची, आणि मी तिच्या कानावर तळहात ठेवायची.

हनीफभाईंनी उजव्या बाजूच्या मागच्या दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग त्याच्या खालच्या दुसऱ्यावरून. मग चाकाच्या वर पत्रा जरा आत गेला होता, तिथं बोट टेकवून ते थांबले.

“तिन्ही वेळा कशाला घासली?”

“गेटाच्या खांबाला.”

“तिन्ही वेळा त्याच?”

“त्याच.”

“मग वैनी, रंग खांबाला लावा. त्याला जास्त लागलं असणार.”

मला हसू फुटलं. आई हसली नाही. “खांबाला लावलाय,” ती म्हणाली. “गेरू.”

हनीफभाईंनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि मस्करी बाजूला ठेवली. “पांढरी असती तर एका दारात भागलं असतं. चंदेरीचा मेळ बसत नाही. अकरा वर्षं ऊन खाल्लेला रंग आहे हा. ह्या एका दाराला नवा मारला, तर बघणाऱ्याला आधी तेच दार दिसणार. लपवायचं असेल तर अख्खी गाडी रंगवायला लागेल.”

“लपवायचं आहे.”

“मग दोन रीती आहेत. काचा, रबरं, दिवे सगळं उतरवायचं, जुना रंग घासून काढायचा, पुट्टी, प्रायमर, नि बंद खोलीत रंग. पंधरा-वीस दिवस, चाळीस हजार. नाहीतर काही न उतरवता कागद चिकटवायचे, वरवर घासायचं, ओरखड्यांत पुट्टी भरायची आणि इथंच दोन हात मारायचे. नऊ हजार.”

“दुसरी.”

“दोन वर्षांत पापुद्रे निघतील.”

“दोन वर्षं पुष्कळ झाली.”

“ताई, तुम्ही तरी सांगा,” ते माझ्याकडं वळले. “माझी बहीण असती तर मी म्हटलं असतं, ओरखडे राहू देत, नऊ हजार घालवू नको. वखारीचा भुसा उडतो इथं. ओल्या रंगावर बसला की बसला. डोळ्याला चालेल असा रंग देईन मी. बोटाला नाही चालणार.”

“बोट कोण लावतंय,” आई म्हणाली आणि तिनं पिशवीतनं भिशीचं पाकीट काढलं.

बोट कोण लावतं ते आम्हा दोघींनाही चांगलं ठाऊक होतं. पण तो माणूस आता बोट लावत नव्हता, आणि आईचा सगळा हिशेब त्याच्यावरच बसला होता.

माझे वडील, आण्णा, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतपेढीवर तीस वर्षं कामाला होते. पारखी म्हणून त्यांचं नाव होतं. पोत्यात उजवा हात कोपरापर्यंत घालायचे, डोळे मिटायचे, आणि मूठसुद्धा बाहेर न काढता सांगायचे, वाळायला दोन दिवस कमी पडलेत. शेतकरी आधी भांडायचा, मग मान खाली घालायचा. गाडी घेतली तीही अशीच, चार गाड्यांच्या दारांवरून तळहात फिरवून. रोज सकाळी डाव्या हातात पिवळं फडकं घेऊन ते ती पुसायचे, आणि पुसून झालं की उजवा हात मोकळाच बॉनेटपासून डिकीपर्यंत फिरवायचे. मी शाळेला निघताना हे बघत जायची. “डोळ्याला काय, सगळंच स्वच्छ दिसतं,” म्हणायचे.

मी पोटुशी असताना, फाल्गुनात, त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय दोन महिन्यांत काठीवर आला. जीभ वळायला लागली. उजवा हात उचलायचा, मूठही वळायची, पण त्या हाताला काही लागत नव्हतं. एकदा चहाचा स्टीलचा पेला धरून बातम्या बघत बसले. आईचं लक्ष गेलं तेव्हा बोटांना फोड आले होते आणि आण्णा बातम्याच बघत होते.

मिरजेला फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई होत्या. आठवड्यातून तीनदा जायचं. हातापायाचे व्यायाम झाले की त्या एक कापडी पिशवी पुढं करायच्या. तिच्यात पॉलिश पेपरचा तुकडा, गोणपाट, मखमल, कापूस, मूठभर गहू, असलं काहीबाही. डोळे मिटायचे, उजवा हात आत घालायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. आण्णा हात घालायचे आणि सांगायचे, “काही नाही.” पिशवी रिकामीच दिल्यासारखं.

सुरुवातीला रिक्षानं गेले. दोघांनी काखेत धरून बसवायचं, आणि गल्लीतल्या बायका जिन्यातनं बघायच्या. आठव्या दिवशी आण्णांनी सांगितलं, “रिक्षानं मी येणार नाही.” गाडी दारात, पण चालवणार कोण? मी दिवस भरत आलेली, माझा नवरा बेळगावला नोकरीला. तेव्हा आई, चौपन्न वर्षांची, पायाखाली पाट घेतल्याशिवाय वरच्या फळीला हात न पोचणारी, ड्रायव्हिंगच्या क्लासला जायला लागली. सीटवर उशी घेऊन.

लायसन आलं त्या दिवशी तिनं किल्ली आण्णांच्या पुढं धरली. आण्णांनी किल्लीकडं बराच वेळ बघितलं.

“चालव,” म्हणाले. “पण गाडीला एक ओरखडा आला, की त्या दिवशी गाडी विकणार. नि मग मला कुठं न्यायचं नाव काढायचं नाही.”

आण्णांचा शब्द फिरत नसे. यार्डात त्यांच्या तोंडच्या शब्दावर गाड्या भरून जायच्या.

पहिला ओरखडा तिसऱ्याच आठवड्यात आला. आमची गल्ली अरुंद, गेट त्याहून अरुंद. आई आण्णांना गेटापाशीच उतरवायची, ते काठी टेकत आत जायचे, आणि मग ती गाडी आत घ्यायची. तिन्ही वेळा घासली ती अशीच, आण्णा आत पाय धुवत असताना. आईनं उजवी बाजू कुंपणाच्या भिंतीला लावून गाडी उभी करायला सुरुवात केली, जास्वंदीत घुसवून. तिकडचं दार उघडायचं नाही, म्हणून गिअरवरून पाय टाकून, साडी सावरत, डाव्या दारानं उतरायची. आण्णा डावीकडनं चढायचे, डावीकडनं उतरायचे. उजव्या बाजूला कधी गेले नाहीत. झटक्यानंतर त्यांनी गाडीभोवती फिरणंच सोडलं होतं.

पण दसऱ्याला गाडी अंगणाच्या मधोमध येते. धुतात, हार घालतात, पूजा होते. आणि दसरा आठ दिवसांवर आला होता.

“गाडी सर्व्हिसिंगला दिलीय,” घरी आल्यावर आईनं सांगितलं. “चार दिवस लागतील.”

“सर्व्हिसिंगला चार दिवस?”

“दसऱ्याची गर्दी आहे.”

“मग मिरजेचं?”

“फोन करून सांगितलंय. पुढच्या सोमवारी या म्हणाल्या.”

आण्णांचा चेहरा मोकळा झाला. सुट्टी लागलेल्या पोराचा होतो तसा.

त्या चार दिवसांतली एक दुपार मला अजून दिसते. आई दळण आणायला गेलेली. मी ओवीला न्हाऊ घालून, धुरी देऊन, आण्णांच्या पलंगावर त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलं. ते तिला नेहमी डाव्या बाजूलाच घ्यायचे. डाव्या बोटानं तिची पोटरी कुरवाळत होते.

“तेजू,” मला म्हणाले, “तू सांग आईला. बास झालं आता.”

“काय बास झालं?”

“मिरज. सहा महिने पिशवीत हात घालतोय मी. त्या डॉक्टर पोरीला वाईट वाटतं म्हणून मागल्या वेळी मी उगीच ‘गहू’ म्हणालो. कापूस होता.” ते जरा हसले. “तीस वर्षांत खोटा माल सांगितला नव्हता कधी.”

“डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ लागतो.”

“वेळ लागायला काहीतरी असावं लागतं. हे लाकूड आहे.”

त्यांनी उजवा हात उचलून पलंगावर ठेवला. ओवी हात हलवत होती, तिच्या मुठीत त्यांचं बोट सापडलं, आणि लहान मुलं धरतात तसं तिनं ते घट्ट धरलं. मी आण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते तिच्या मुठीकडं बघत होते.

“धरलंय का तिनं?” त्यांनी विचारलं.

“धरलंय.”

“घट्ट?”

“घट्ट.”

“हं,” म्हणाले. “दिसतंय.” आणि ती आपण होऊन सोडेपर्यंत त्यांनी बोट हलवलं नाही. मग म्हणाले, “तुझी आई ती गाडी कशी चालवते माहितीय का? हँडल दोन्ही हातांनी गच्च धरते. पदराखाली पाठ घामानं भिजलेली असते तिची. मी बघतो ना शेजारी बसून. माझ्यासाठी रोज भ्यायचं तिनं, नि मी आपला म्हणायचं, काही नाही, काही नाही. नको आता. एखादं कारण मिळालं की थांबवू.”

ते कारण माधवनगरच्या शेडमध्ये कागद चिकटवून उभं होतं.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आईला हे सांगितलं. तिचं लाटणं थांबलं, पुन्हा चालू झालं.

“म्हणजे ते कारणच शोधतायत,” ती म्हणाली.

“तू ओरखडे आहेत ते सांगून टाक आई. रागावतील नि विसरतील.”

“रागावले तर बरंच गं. रागावणार नाहीत. ‘बरं’ म्हणतील. किल्ली मागून घेतील, नि भिंतीकडं तोंड करून झोपतील.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “एकदा झोपले की उठायचे नाहीत परत. मला माहितीय.”

पाचव्या दिवशी आम्ही गाडी आणायला गेलो. लांबून बघितलं तर डोळे दिपले. शोरूममधनं आत्ता निघाल्यासारखी. आई भराभर चालत पुढं गेली आणि गाडीजवळ जाऊन हळू झाली. खिडकीच्या काळ्या रबरांवर चंदेरी शिंतोडे होते. आणि रंगात सगळीकडं बारीक बारीक कण बसले होते, थाळीत रवा सांडावा तसे. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी मुळीच नाहीत.

“वारं सुटलं,” हनीफभाई म्हणाले. त्यांनी सबब सांगितली नाही, फक्त झालं ते सांगितलं. “वखारीत सागवान कापायला घेतलं त्याच दिवशी. मला वाईट वाटतंय वैनी. दसरा झाला की आणा. घासून परत एक हात मारून देतो, पैसे नकोत.”

आईनं मागच्या दारावर बोट फिरवलं आणि लगेच काढून घेतलं.

“तीन हातांवरनं दिसतं का हे?”

“तीन हातांवरनं नाही दिसत.”

“मग झालं.”

येताना तिनं मला सगळं समजावून सांगितलं, हँडल दोन्ही हातांनी धरून, रस्त्यावरची नजर न काढता. आण्णांची खुर्ची वरच्या पायरीवर टाकायची. तिथून गाडी चार हात लांब राहते. हार जास्तीचे आणायचे, दारांवर सोडायचे. पूजा ती स्वतः करणार. डावीकडनं ओवाळून घ्यायचं, आणि आण्णांना आत न्यायचं. आम्ही दोघींनी सगळ्या बाजूंनी विचार केला. गेटाच्या खांबाचा, रबरांवरच्या शिंतोड्यांचा, नव्या रंगाच्या वासाचासुद्धा. त्यासाठी आईनं उदबत्तीचा मोठा पुडा घेतला.

दसऱ्याच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. झेंडूच्या हारांत गाडी वरातीला निघाल्यासारखी दिसत होती. आण्णा नवा सदरा घालून पायरीवरच्या खुर्चीत बसले. मी ओवीला घेऊन त्यांच्या मागं उभी राहिले.

“चकाकलीय चांगली,” आण्णा म्हणाले.

“पॉलिश मारून दिलंय त्यांनी,” आई म्हणाली. ती ताट घेऊन गाडीपुढं गेली होती. ताटात कुंकू भिजवलेलं, हळद, अक्षता, नारळ, निरांजन. चार उदबत्त्या एकदम लावलेल्या.

आण्णांनी काठी उचलली.

“कुठं?” आई म्हणाली.

“पूजा करायला.”

“बसा की. मी करते.”

“अकरा वर्षं कोण करतंय?”

“अहो, पण हात...”

“डाव्यानं कोण करणार आहे,” आण्णा म्हणाले. “पूजा उजव्याच हातानं करतात.”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. सगळ्याचा विचार केला होता, आणि ह्याचाच नाही. उजवा हात गेला म्हणजे त्यांची पूजाही गेली, असं आम्ही न बोलता धरून चाललो होतो. त्यांनी तसं धरलं नव्हतं. हाताला काही लागो न लागो, तो उजवा हात होता आणि दसरा होता.

ते पायऱ्या उतरले. गाडीपुढं आल्यावर काठी माझ्याकडं दिली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, बोटं कुंकवात बुडवली, आणि पोराचा हात धरून गिरवून घ्यावं तसा स्वतःचा हात बॉनेटवर नेला. स्वस्तिकाची उभी रेघ काढली. वाकडी आली. आडवी काढायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले.

बोटं तिथंच राहिली. कपाळाला आठ्या पडल्या.

“हे खरखरीत का लागतंय?”

आईनं ताट गाडीवर ठेवलं. ठेवताना निरांजन विझलं. मग एका दमात ती सुरू झाली, खाली बघत. “मी घासली. तीनदा. गेटाच्या खांबाला, तुम्ही आत गेल्यावर. सर्व्हिसिंगला दिली नव्हती, माधवनगरला देऊन रंगवून आणली. स्वस्तातला रंग आहे, भुसा बसलाय त्यात. मी खोटं बोलले. तुम्हाला विकायची तर विका गाडी, मी काही म्हणणार नाही. पण मिरज सोडू नका. रिक्षानं जाऊ. गल्लीला बघायचं ते बघू दे, मी धरीन तुम्हाला. मी एकटी धरीन...”

ती बोलत होती, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी आण्णांच्या त्या एका शब्दाशीच अडकले होते.

“आण्णा,” मी म्हटलं. “कुठल्या हाताला लागतंय?”

“कुठल्या हाताला म्हणजे काय, ह्या...”

ते थांबले. आईही थांबली.

डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलेलं होतं. बॉनेटवर टेकलेली बोटं उजव्या हाताची होती.

आण्णांनी हळूच डावा हात सोडला. उजवा पंजा सगळा बॉनेटवर टेकवला. डोळे मिटले. पोत्यात हात घालताना मान जराशी कलती व्हायची त्यांची, तशी झाली. पंजा थोडा पुढं सरकला.

“इथं आहे,” ते म्हणाले.

आईनं पुढं होऊन तिथं आपलं बोट लावलं. “आहे.”

पंजा बाजूला गेला. बराच वेळ थांबला. “इथं नाही.”

आईचं बोट मागोमाग गेलं. “नाही. इथं गुळगुळीत आहे.”

“इथं परत. रव्यासारखं.”

“हो.”

“अंगठ्याला काही नाही,” आण्णा म्हणाले. आवाज यार्डातला, मालाबद्दल बोलतानाचा. “ह्या दोन बोटांनाच आहे. पहिल्या दोन. नि तेही दाट आहे तिथंच.”

त्यांचा हात स्वस्तिकावरून गेला, कुंकू फासलं गेलं, चंदेरी रंगावर लाल पट्टे उमटत गेले. कुणी त्यांना अडवलं नाही. ते गाडीला धरून पुढं, आई त्यांच्या मागं, हार बाजूला सारत, त्यांनी सांगितलं की बोट लावून बघत, असे ते दोघं गाडीभोवती निघाले. आहे. आहे. नाही. हो, नाही. मी ओवीला छातीशी धरून उभी होते. उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी आण्णा थांबले.

“कुठं घासलीस?”

आईनं दाखवलं. त्यांनी तिथं हात ठेवला, वाट बघितली, आणि मान हलवली. “इथलं काही कळत नाही. पुट्टी चांगली भरलीय.” मग म्हणाले, “किती घेतले?”

“नऊ हजार.”

“फसवलं तुला.”

“त्यांनी आधी सांगितलं होतं, बोटाला चालणार नाही म्हणून.”

“मग फसवलं नाही,” आण्णा म्हणाले.

आई बॉनेटवरच्या ताटाकडं गेली आणि विझलेलं निरांजन पुन्हा लावायला लागली. काड्या एकामागून एक मोडत होत्या. तिसऱ्या काडीला मी बघितलं, तिचे खांदे हलत होते. आण्णांनीही बघितलं. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

“हिला आण इकडं.”

मी ओवीला पुढं केलं. त्यांनी ती दोन बोटं, कुंकवानं माखलेली, तिच्या गालावर ठेवली. डोळे मिटले. मी देवाचं नाव घेतलं होतं मनात, खोटं का सांगू.

“नाही,” शेवटी ते म्हणाले. “हिचं कळत नाही अजून.”

माझे डोळे भरून आले. त्यांचे नव्हते आले.

“रडतेस काय,” म्हणाले. “ओला माल नि वाळका माल, हाताला आधी कुठला कळतो? वाळका. खरखरीत असतंय ते आधी कळतं. मऊ मागनं येईल.”

ओवीच्या गालावर दोन लाल बोटं उमटली होती. आईनं ती तशीच राहू दिली, दृष्ट उतरवून टाकायची म्हणून मोहरी-मीठ आणायला मात्र आत गेली.

हनीफभाई खरं बोलले होते. दुसऱ्या पावसाळ्यात टपाचा रंग पापुद्र्यांनी निघाला आणि जुनी चंदेरी आतनं दिसायला लागली. घासून फुकट हात मारून देतो म्हणालेले, पण आण्णांनी गाडी तिकडं जाऊ दिली नाही. रोज सकाळी त्या भुशावरून हात फिरवायचे. तिसरं बोट दिवाळीनंतर आलं, अंगठा संक्रांतीला. ओवी नऊ महिन्यांची असताना एका दुपारी त्यांनी मला बेळगावला फोन केला आणि म्हणाले, “तिला घेऊन ये एकदा.” का ते सांगितलं नाही. मी त्याच रात्री बॅग भरली.

परवा माझ्या नवऱ्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, जुनी गाडी आहे, स्वस्तात रंगवून मिळते, रंगवू का? तो म्हणाला, पैसे पाण्यात जातील. बरोबरच आहे ते. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

पण त्या दसऱ्यानंतरच्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

मिरजेची वेळ दहाची होती. आई सव्वानऊला गाडीत उशीवर जाऊन बसली. एरवी आण्णा तिनं गाडी बाहेर काढेपर्यंत घरात थांबायचे. त्या दिवशी काठी टेकत आधीच गेटाबाहेर जाऊन उभे राहिले.

“तुम्ही कशाला? आत थांबा,” आईनं काचेतनं सांगितलं.

“बघतो तरी कसा खांब आहे तो.”

आईनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. आण्णा डाव्या हातानं काठी धरून उजवा हात हलवायला लागले. “ये. ये. सरळ ये. आता हँडल फिरव. तिकडं नाही गं, इकडं. बास. बास म्हणतोय...”

कर्रर्र असा लांब आवाज झाला.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. गल्लीतल्या दोन बायका जिन्यात आल्या. आई हँडल धरून समोर बघत बसली होती, मान न वळवता.

“लागली,” ती म्हणाली.

आण्णा काठी टेकत गाडीच्या कडेनं आले. वाकायला त्यांना वेळ लागला. नव्या चंदेरी रंगात हातभर लांब रेघ उठली होती. त्यांनी उजवा हात पुढं केला, डोळे मिटले, आणि पहिली दोन बोटं त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मग परत आणली.

“खोल नाही,” ते म्हणाले. “घे मागं.”